पोरीच्या नावाची स्पेलिंग कशी ठरवायची

नाव ठरवायला आत्या, मावशी, आजी सगळ्या असतात, पण स्पेलिंग शेवटी फॉर्म भरणारा पोरगा ठरवतो, आपल्याकडं लई घरांत असंच व्हायलंय. म्हणून बारशाआधीच दोन्ही लिप्यांत कागदावर लिहून ठेवा.

आधी मराठी पक्कं करा. अदिती का आदिती, ऋतुजा का रुतुजा, आणि शेवटची वेलांटी पहिली का दुसरी. श्रुति, प्रीति असं जुन्या पत्रिकेत दिसतं, पण मराठीच्या नियमानं शेवटी दीर्घच येतं, शाळेतल्या बाई पण तसंच लिहिणार, मग श्रुतीच ठेवा ना.

खरी गंमत इंग्रजीत. व ला व्ही का डब्ल्यू यावर घरात भांडणं होतात. माझं मत, वैष्णवी, श्रावणी, तन्वीला सरळ व्ही, आणि स्वरा, श्वेता, ईश्वरी असं स-श ला जोडून व आला की डब्ल्यू, कारण लोकांच्या हाताला तसंच बसलंय. ऋतुजाला आपण रु म्हणतो म्हणून आर यू, हिंदीवाले आर आय लिहितात ते त्यांच्या बोलण्यापुरतं ठीक. ज्ञानेश्वरी ठेवणार असाल (माउलींचं आपेगाव आपल्याच मराठवाड्यातलं, त्यामुळं हौस असतेच) तर डी एन वाय, बाहेरचे लोक वाचताना अडखळतील, अडखळू द्या, जी वाय लिहिलं तर पोरगी जन्मभर ग्यानेश्वरी होईल. आरोही, आराध्याला सुरुवातीला डबल ए चालतो, नाहीतर लोकं अरोही वाचतात, पण पुढं प्रत्येक काना डबल केला तर नाव फॉर्मच्या चौकटीत मावायचं नाही. नांदेड, देगलूर, बिलोलीकडच्या लोकांचे पाहुणे तेलंगणात असतात, तिकडं त ला टी एच लिहितात, स्वातीचं तसं केलं की इकडं कुणीतरी स्वाथी वाचणारच, त्यामुळं नुसता टी बरा.

अंकशास्त्रवाले जास्तीचं अक्षर घुसवायला सांगतात. माझ्या मते नकोच, ते अक्षर पोरीला प्रत्येक काऊंटरवर समजावून सांगावं लागतं.

ठरलं नसेल तर दोन-चार जणांना फोनवर नुसतं नाव सांगा अन् इंग्रजीत टाईप करून पाठवा म्हणा, जे जास्त जणांकडून येईल ते घ्या.

घाई करू नका, पण लई लांबवू पण नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, ती नावाशिवाय पण होते, आणि नोंदीपासून 12 महिन्यांत नाव टाकलं तर फी लागत नाही, नंतर लेट फी भरून 15 वर्षांपर्यंत टाकता येतं. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळा, आधार, लायसन, सगळीकडं जन्मदाखलाच लागतो, त्यामुळं एक अक्षर चुकलं की ते पुढं सगळीकडं जातं. सर्टिफिकेट प्रिंट होण्याआधी स्क्रीनवर स्वतः वाचा, दुसऱ्याला वाचायला लावू नका.

अन् एक राहिलंच, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात सरकारी कागदावर आधी लेकराचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव अन् शेवटी आडनाव असा क्रम आहे, तर आईची स्पेलिंग तिच्या आधारवरून बघून लिहा, माहेरच्या टीसीवर वेगळी असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या.