व्हिलेज ग्रीनसमोर घर घेताय? आधी 'व्हीजी' नंबर शोधा

इंग्लंडच्या खेड्यात घर बघायला गेलात की समोर ती गावाची सामाईक हिरवळ (व्हिलेज ग्रीन), कडेला बदकांचं तळं, मधोमध क्रिकेटची खेळपट्टी. भुरळ पडणारच! अडचण अशी की फाटक आणि डांबरी रस्ता यांच्यामधला गवताचा पट्टा नोंदलेल्या ग्रीनचा भाग असेल, तर त्यावरून गाडी आत न्यायचा हक्क घराबरोबर आपोआप मिळत नाही. विटा घालून ड्राइव्ह-वे करणं तर विसराच. ग्रीनला जपणारे १८५७ आणि १८७६ चे कायदे आजही लागू आहेत.

सर्व्हेचे पैसे भरण्याआधी एवढं करा:

१. ग्रीनचं रजिस्टर बहुतेक ठिकाणी काउंटी कौन्सिलकडे असतं आणि ते कुणालाही पाहता येतं. पोस्टकोड देऊन ईमेल टाका. ग्रीनचा नंबर 'व्हीजी'ने सुरू होतो. 'सीएल' दिसलं तर ती कॉमन जमीन (जिच्यावर इतरांचेही चराईसारखे हक्क असतात), तिचे नियम वेगळे.

२. नुसत्या नंबरावर थांबू नका, नकाशाही मागा. हद्दीची रेघ तुमच्या कुंपणाला टेकते का, सगळं त्यावर आहे.

३. सॉलिसिटरला (खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाला) 'कॉन-२९-ओ' या कौन्सिलकडे पाठवायच्या चौकशी फॉर्ममधला कॉमन जमीन आणि ग्रीनबद्दलचा २२ वा प्रश्न विचारायला सांगा. तो ऐच्छिक असल्याने आपणहून विचारला जाईलच असं नाही. फी जराशी जास्त पडते, पडू दे.

४. पट्टा ग्रीनचा निघाला तर वाहन नेण्याच्या हक्काचा कागद विकणाऱ्याकडून मागा.

"आम्ही वर्षानुवर्षं इथूनच गाडी काढतो" या तोंडी हवाल्यावर मात्र सही करू नका.