'गॅस गेलाय' म्हणण्याआधी: फ्रिजच्या बाबतीत या चुका टाळा

मे महिन्यात फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला फोन लागला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "थंड होत नाहीये, बहुतेक गॅस संपला." फ्रिजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता गॅस भरला तर तोही जाणार. बऱ्याच घरांत मात्र गॅस जिथल्या तिथे असतो आणि फ्रिजला आतली उष्णता बाहेर टाकायला जागाच ठेवलेली नसते.

फ्रिज करतो काय, तर आतली उष्णता उचलून खोलीत सोडतो. जुन्या फ्रिजच्या पाठीला त्यासाठी काळी जाळी असायची. आताच्या बहुतेक फ्रिजमध्ये त्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड लपवलेल्या असतात. त्यामुळे उन्हाळ्यात बाजूला हात लावला की चटका नाही तरी चांगलीच ऊब लागते. हा बिघाड नव्हे, फ्रिज नीट चालल्याची ती खूण आहे. मशीनचा आवाज तासन् तास येतोय आणि बाजू मात्र गारढोण आहेत, तेव्हा शंका घ्यावी.

आता याच बाजूंवर आपण काय करतो? खिसेवालं प्लॅस्टिकचं कव्हर दोन्हीकडे लोंबतं सोडतो. खिशांत विजेची बिलं, रबरबँड, औषधांच्या पट्ट्या. वरती स्टॅबिलायझर, त्यावर भाकरीचा डबा. मॉड्युलर किचन करणारा सुतार फ्रिजसाठी अगदी मापाचा कोनाडा काढतो आणि फोटोत ते फार छान दिसतं. पण गरम हवा त्या कोनाड्यातच कोंडते, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही आणि बिल वाढतं. माहितीपुस्तिकेत सांगितलेली जागा सोडाच. पुस्तिका हरवली असेल तर बाजूंना आणि मागे चारेक इंच आणि वर त्याहून थोडी जास्त मोकळीक ठेवा. कव्हर हवंच असेल तर फक्त माथ्यापुरतं. गॅसची शेगडी आणि पश्चिमेची तापणारी भिंत, या दोन्हींपासून फ्रिज लांब हवा.

घेताना बघायचं राहून जातं ते

दुकानात दाराच्या काचेवरची फुलं आधी दिसतात. आतल्या स्टिकरवरचा हवामान वर्ग कुणी वाचत नाही. 'एन' म्हणजे खोलीचं तापमान ३२ अंशांपर्यंत, 'एसटी' म्हणजे ३८ आणि 'टी' म्हणजे ४३ अंशांपर्यंत फ्रिजने नीट काम करणं अपेक्षित आहे. विदर्भात 'टी'च हवा. तरीही नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५च्या वर जातो, म्हणजे पत्र्याखालच्या किंवा तापलेल्या स्लॅबखालच्या स्वयंपाकघरात हा वर्गही कमी पडू शकतो. तिथे फ्रिज घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवायला लाजू नये, मग ती बैठकीची खोली का असेना.

तारे बघताना त्यांखालचं वर्षाच्या युनिट्सचं आकडेवारीचं लेबल वाचा. तारांकनाचे निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आणि नव्या लेबलवरचे पाच तारे एकच नसतात. युनिट्सचा आकडा मात्र सरळ ताडून बघता येतो. लेबल कोणत्या काळासाठी वैध आहे तेही त्यावरच छापलेलं असतं.

'स्टॅबिलायझरची गरज नाही' हे वाक्यही अर्धंच वाचलं जातं. पुढे किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत, ते लिहिलेलं असतं. गावाकडे संध्याकाळी पंप सुरू झाले की दिवे मिणमिणतात, तिथे आधी इलेक्ट्रिशियनकडून व्होल्टेज मोजून घ्या आणि मग ठरवा.

वर बर्फ, खाली दूध नासलेलं

डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची ही सर्वांत जास्त वेळा चुकीची ओळखली जाणारी तक्रार. फ्रीझर ठणठणीत, आणि खालच्या कप्प्यात सकाळचं दूध संध्याकाळी फाटतं. 'गॅस कमी झालाय' असं सांगून इथे हमखास पैसे घेतले जातात. विचार करा: या फ्रिजमध्ये थंडावा तयार होतो वर, फ्रीझरच्या मागच्या कॉइलवर. पंखा ती गार हवा खाली ढकलतो. गॅस गेला असता तर आधी फ्रीझरच ढेपाळला असता. वर सगळं कडक आणि खाली कोमट, म्हणजे हवा खाली पोचत नाहीये.

आधी साधं कारण बघा. हवा येण्याच्या झरोक्याला पातेलं टेकलंय का? आमरसाचे डबे आणि कैऱ्यांच्या पिशव्या ठासून भरल्यात का? ते नसेल तर सामान काढा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी टाका, खाली जुनी चादर अंथरा आणि दिवसभर तसंच राहू द्या. पुन्हा सुरू केल्यावर फ्रिज आठ-पंधरा दिवस मस्त चालला आणि परत तेच रडगाणं सुरू झालं, तर कॉइलवर बर्फाची भिंत साचतेय, असं समजा. तो बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा सेन्सर किंवा टायमर बिघडलाय. मेकॅनिकला एवढं सांगितलंत तरी संभाषणाचा सूर बदलतो. वितळूनही खाली गारवा आलाच नाही तर पंखा तपासायला सांगा.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर मागच्या भिंतीतलं निचऱ्याचं भोक कोथिंबिरीच्या काडीने नाहीतर शेवाळाने तुंबलेलं असतं. कोमट पाणी आणि मऊ नळी, एवढ्यात काम होतं.

आणि खरोखरच गॅस भरायचा असेल, तर फ्रिजच्या पाटीवर कोणता गॅस आणि किती ग्रॅम लिहिलाय ते आधी वाचा. आजकालच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. प्रमाण थोडंच, पण तो ज्वलनशील आहे. तिथे 'जो आहे तो भरतो' चालत नाही. गळती कुठे होती ते दाखवायला सांगा, आणि डागकाम करताना खिडक्या उघड्या असू द्या.

सिंगल डोअरवाल्यांची सुरी

बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास गेला की डिफ्रॉस्ट करायचा. तो वेळेवर न केल्याने आईस्क्रीमचा डबा चिकटतो आणि कुणीतरी सुरी घेऊन येतं. फ्रीझरच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यातच गॅसचे मार्ग असतात. एक बारीक 'फुस्स' आणि कामाचा आकडा काही हजारांत. उकळत्या पाण्याचं पातेलं आत ठेवण्याचीही घाई नको. बंद करून दार उघडं ठेवलं की बर्फ आपोआप सुटतो. उन्हाळ्यात बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवणारे हा थर स्वतःच वाढवतात. मधल्या आकड्यावर ठेवा आणि आत तापमापी ठेवून बघा: खालचा कप्पा ४ अंशांच्या आसपास, फ्रीझर उणे १८ (सिंगल डोअरमध्ये तितका उतरेलच असं नाही).

वीज जाऊन लगेच आली की लगेच सुरू करू नये, तीन-पाच मिनिटं थांबावं. नळ्यांतला दाब सारखा व्हायच्या आत कॉम्प्रेसर उठू पाहतो, उठत नाही आणि मागून 'टक' असा आवाज येतो. दर काही मिनिटांनी तो 'टक' ऐकू येत असेल तर प्लग काढा आणि व्होल्टेज तपासा. वीज नसताना दार उघडलं नाही तर खालचा गारवा साधारण चार तास टिकतो. 'बघू अजून गार आहे का' म्हणून उघडणाऱ्यांना आवरा.

पावसाळा

मुंबईत आणि कोकणात जुलैमध्ये फ्रिजला बाहेरून घाम येतो. हवेतच इतकं पाणी असतं, त्यामुळे पुसायचं आणि सोडून द्यायचं. घाम एकाच कोपऱ्यात, दाराच्या कडेला येत असेल तर रबर बघा. दारात कागद धरून बंद करा. सहज ओढला गेला तर तिथून हवा येतेय. बऱ्याचदा रबर खराब नसतं, त्याच्या घड्यांमध्ये फक्त चिकट मळ साचलेला असतो. साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. समुद्राजवळच्या घरांत खालचा पत्राही वर्षातून एकदा पुसून बघावा, खारी हवा तिथूनच खायला सुरुवात करते.

मागे, कॉम्प्रेसरच्या वर एक ट्रे असतो. त्यात निचऱ्याचं पाणी पडतं आणि उष्णतेने उडून जातं. दमट दिवसांत ते उडत नाही, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा तो ट्रे ओता आणि घासा, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाणार असाल आणि फ्रिज बंद करणार असाल तर तो रिकामा करा, कोरडा पुसा आणि दारात नॅपकिनची घडी अडकवून फट ठेवा. नाहीतर परत आल्यावर रबरावरची काळी बुरशी घासण्यात एक सकाळ जाते.