चाळिशीनंतर वजन जास्त असताना सर्किट ट्रेनिंग

बीपी, शुगर किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायामाआधी शुगर तपासावी.

सर्किट ट्रेनिंग म्हणजे वेगवेगळे व्यायाम ओळीने करायचे; सगळे एकदा झाले की एक फेरी. आधी पाच मिनिटं जागच्या जागी चाला. मग खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीवर पुशअप, पायरी चढ-उतार आणि दोन्ही हातांत पाण्याने भरलेली एकेक बाटली घेऊन, थोडं पुढे वाकून, ती कंबरेकडे ओढणं. प्रत्येक प्रकार ३० सेकंद, मध्ये ३० सेकंद विश्रांती. सुरुवातीला दोन फेऱ्या, महिन्याभराने तीन. आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवसाआड.

वेग किती? दोन-चार शब्द बोलता यावेत, गप्पा मारता येऊ नयेत.

खुर्चीवरून उठताना गुडघा आत वळला तर दुखू शकतो. पावलं खांद्याइतकी फाकवा, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेत ठेवा. तरीही दुखलं तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा. जोर लावताना श्वास सोडा. कोंडला की बीपी एकदम चढतं. उड्या नकोतच. सांध्यांवर ताण येतो, शिवाय बाळंतपणानंतर अनेकींना उडी मारताना लघवी सुटते (हे कुणी सांगत नाही).

वजनाचा काटा लवकर हलत नाही. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर टेपने पोट मोजा. वजन तेच असूनही घेर उतरू शकतो, शुगरही सुधारते.