शस्त्र परवान्याआधी घरात करायची तयारी

रानडुकरांपासून शेती राखायला ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची) घेणार असाल किंवा बारा बोअर (काडतुसाची), आधी कपाट बघा, मग बंदूक. घरात हत्यार कुठे आणि कसं ठेवणार याची हमी परवाना मागतानाच द्यावी लागते. ती देण्याआधी लोखंडी कपाट भिंतीला बोल्टने आवळून घ्या आणि ते देवघर किंवा ओटीपेक्षा आतल्या खोलीत असू द्या. दर्शनी भिंतीवर खुंटीला टांगलेली बंदूक रुबाबदार दिसते खरी, पण ती पाहुण्यांइतकीच चोरालाही दिसते.

बारा बोअर उघडून नळी आणि दस्ता वेगळे ठेवायची सवय लावा. पटकन जोडून कुणाला वापरता येऊ नये, हा हेतू. काडतुसं दुसऱ्या कुलपात. ठासणीची अशी सुटी होत नाही, म्हणून राखण संपवून पहाटे घरात शिरण्यापूर्वी ती रिकामी झालीच पाहिजे. भरलेली बंदूक ‘उद्या लागेलच’ म्हणून कोपऱ्यात उभी करणं हा सगळ्यात वाईट प्रकार. बंदुकीची दारू आणि केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) चुलीपासून लांब, एकमेकांपासूनही लांब.

किल्लीचं काय? ती तुमच्याच कमरेला हवी, चहाच्या डब्यामागे नको. घरातल्या पोराटोरांना ती जागा तुमच्याआधी माहीत असते. परवाना तुमच्या नावचा आहे. मुलगा किंवा भाऊ कितीही नेमबाज असला तरी त्याला बंदूक घेऊन राखणीला पाठवता येत नाही.

कागदांची एक वेगळी पिशवी करा: परवाना, काडतुसांच्या खरेदीच्या पावत्या, बंदुकीचा नंबर. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षं आहे आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. बंदूक हरवली वा चोरीला गेली तर ताबडतोब पोलीस ठाण्यात कळवा. परवानाधारक वारला तर वारसांनी ती कपाटात तशीच ठेवायची नाही. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून आपल्या नावाने अर्ज करायचा. हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा.

निवडणुकीत बंदूक जमा करायची नोटीस आली तर नेण्यापूर्वी नळीला तेलाचा हात फिरवा. पावतीवर नंबर नीट तपासा, आणि दस्त्याला आधीचीच चीर असेल तर तीही लिहून घ्या.