थंडी संपता संपता शिंका सुरू होतात? आधी बिछान्याकडे बघा

आमच्याकडे फेब्रुवारी लागला की लेकाच्या शिंका सुरू, उठल्या उठल्या दहा-बारा, नाक गळतंय, डोळे चोळून चोळून लाल. दोन वर्षं आम्ही सर्दीच समजत होतो, वाफ दे, काढा दे, शेवटी अ‍ॅलर्जीची टेस्ट केली तर धुळीतले माइट्स (अगदी बारीक जीव) आणि परागकण दोन्ही निघाले. पुण्यात या दिवसांत वावळ फुलतो, अंगावर एक पान नसतं आणि पराग सगळे वाऱ्यावर. ते झाड काही आपल्या हातात नाही पण ज्या खोलीत पोर आठ-नऊ तास झोपतं ती खोली आपल्या हातात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करा. सगळं घर एका रविवारी घासायला जाऊ नका, दमाल आणि सोडून द्याल.

माइट्स डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या कातडीचा गळलेला कोंडा खातात आणि गादी, उशी, गोधडीत राहतात. त्रास त्यांच्या विष्ठेचा होतो, म्हणून नुसतं मारून भागत नाही, धुवून काढावं लागतं. चादरी, अभ्रे, पातळ गोधड्या आठवड्यातून एकदा ६० डिग्रीच्या पाण्यात. मशीनला हीटर नसेल तर उकळतं पाणी आणि नळाचं पाणी बादलीत निम्मं निम्मं घ्या, साधारण तेवढंच होतं, अर्धा तास भिजू द्या आणि मग नेहमीसारखं धुवा (पोरं आसपास असताना नको हां, पाणी चांगलंच भाजतं). गादी मात्र धुता येत नाही. ती गच्चीवर कडक उन्हात दिवसभर टाका, उलटीपालटी करा, उन्हानं ओल जाते आणि ओलीशिवाय माइट्स जगत नाहीत. मग काठीनं झोडपा, पण ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्यानं ते काम अजिबात करायचं नाही, लांब थांबायचं. खाली आणल्यावर चेनवाली माइटप्रूफ खोळ घाला, उशीलाही. एकदाच खर्च होतो आणि माझ्या मते एअर प्युरिफायरच्या आधी हाच करावा. टेडी वगैरे धुता येत नसतील तर पिशवीत बांधून एक दिवस फ्रीझरमध्ये, नंतर बाहेर नेऊन नीट झटका.

मग येतो पंखा. थंडीभर बंद असतो, पात्यांवर जाड थर बसतो आणि पहिल्या उकाड्याच्या रात्री बटण दाबलं की तो सगळा अंगावर! जुना अभ्रा पात्यावर चढवा आणि दाबून मागे ओढा, धूळ आतच राहते. कूलर काढणार असाल तर जुन्या वर्षीचं गवत बदला, टाकी घासून घ्या, आणि झोपायच्या खोलीत नकोच, दमट हवा माइट्सना आवडते. एसीची जाळी दर दोन-तीन आठवड्यांनी धुवा.

झाडूबद्दल भांडण होतं आमच्याकडे, सासूबाईंना आधी झाडल्याशिवाय पुसलेलं पटत नाही. पण कोरड्या झाडूनं धूळ हवेत उडते आणि बराच वेळ तशीच तरंगते, आणि नवा फूलझाडू असेल तर त्याचा स्वतःचा भुसा वेगळाच, तो आधी बाहेर आपटून धुवून वाळवून घ्या. मधला मार्ग असा काढलाय की लेक शाळेत गेल्यावर झाडायचं, मास्क लावून, आणि लगेच ओल्या फडक्यानं पुसायचं. पाडव्याच्या आधीची माळे-कपाटांची साफसफाई पण त्याच वेळात.

परागकण आत येतात ते कपड्यांवरून आणि केसांतून. बाहेरून आलं की कपडे बदलायचे, झोपायच्या आधी केसांवरून पाणी, आणि परागाच्या या दिवसांत निदान चादरी, अभ्रे तरी उघड्या गॅलरीत वाळत घालू नका. वारं सुटलं असेल तर बेडरूमची खिडकी बंदच.

कबुतरांची घाण कधीही कोरडी खरवडू नका, पाणी मारून, मास्क लावून काढा आणि जाळी बसवून घ्या. झुरळांचीही अ‍ॅलर्जी असते, रात्री खरकटी भांडी सिंकमध्ये ठेवू नका, स्प्रेपेक्षा जेल बरं कारण स्प्रेच्या वासानंच खोकला येतो. उदबत्ती-धूपाला मी बंदी घातली नाही, फक्त दिवा लावते, आणि उदबत्ती लावलीच तर गॅलरीत तुळशीपाशी.

एवढं करून लेकाच्या सकाळच्या शिंका दोन-तीनवर आल्यात, औषध चालूच आहे. तुमच्या पोराला रात्री खोकल्यानं जाग येत असेल किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल तर साफसफाईचा परिणाम बघत बसू नका, तो दमा असू शकतो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.