गिटारच्या नेकचे सुटलेले पॉलिश

माझ्या गिटारच्या नेकवरील, म्हणजे डाव्या हाताने धरायच्या लांब दांड्यावरील पॉलिश, अंगठा टेकतो नेमके त्याच भागात, पापुद्रे धरून सुटू लागले होते आणि हात सरकवताना त्यांच्या कडा बोचत. म्हापशाच्या दमट हवेत हाताला घाम सुटायचाच. मात्र घामाने नायट्रोसेल्युलोज लॅकर या प्रकारचे पॉलिश मऊ व चिकट होते, तर पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या पॉलिशचा जाड थर लाकडावरची पकड सुटून तुकड्यांनी निघतो. माझा प्रकार दुसरा होता, म्हणून केवळ डाग बुजवण्याऐवजी नेकची मागची बाजू पूर्ण उघडी करणे मला रास्त वाटले.

तारा काढून फिंगरबोर्डच्या (नेकच्या पुढच्या, बोटांनी तारा दाबायच्या पट्टीच्या) कडांना मास्किंग टेप लावली, सुटे पापुद्रे जुन्या प्लास्टिक कार्डाने उचलले आणि उरलेला थर ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने, लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच, घासून पुढे ४०० व ६०० नंबर वापरले. यंत्राने घासल्यास नेकचा आकार बिघडण्याची भीती असते, हातच बरा. नाकातोंडावर मास्क हवाच.

नंतर टंग ऑइलचे (टंग झाडाच्या बियांच्या, लाकडावर सुकून थर धरणाऱ्या तेलाचे) पातळ हात दिले. प्रत्येक वेळी जादा तेल पुसले आणि आधीचा हात पूर्ण सुकू दिला. गोव्याच्या पावसाळ्यात हे सुकणे फार रेंगाळते, त्यामुळे असे काम डिसेंबर-जानेवारीत काढावे. तेलाने माखलेली फडकी चुरगळून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ती मी पाण्यात भिजवून पत्र्याच्या डब्यात बंद केली. जुन्या, मौल्यवान गिटारवर मात्र हा उपाय करू नये, कारण मूळ पॉलिश गेल्यास तिची किंमत उतरते.