लडाखला ड्रोन नेताय? बॅटरी खिशात ठेवा

मराठवाड्यात मे महिन्यात ड्रोनची बॅटरी उन्हापासून जपावी लागते. लडाखला सायकल घेऊन गेलात की नेमकं उलटं. तिथल्या थंडीत बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) अचानक पडतो, म्हणून ती जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. उडवल्यावर मिनिटभर डोक्याएवढ्या उंचीवर तरंगू द्या, मगच पुढे न्या.

दुसरी अडचण हवेची. छत्रपती संभाजीनगर साधारण ५७० मीटरवर. लडाखच्या उंच खिंडींत, ५,००० मीटरवर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के. पंखे जास्त जोरात फिरतात, चार्ज भराभर उतरतो. घरी दौलताबादच्या रस्त्यावर सायकलमागे पंचवीस मिनिटं उडालेला ड्रोन तिथेही तेवढाच टिकेल, हा हिशेब सोडा. मी तरी निम्मा चार्ज उरला की परत बोलावतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध न्यायचा, म्हणजे येताना वारा पाठीशी. काही छोट्या ड्रोनची उड्डाणमर्यादा ४,००० मीटरच असते. माहितीपुस्तिका निघण्याआधीच वाचा. ड्रोन आपोआप परत येताना जी ठरवलेली उंची धरतो ती उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते, मधला कडा त्याहून उंच असला तर धडक ठरलेलीच.

आणि हो, सीमेपासून २५ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवायचाच नाही.